मुलांचा वाफा

ग्वाल्हेरच्या फुलबागेत लहान मुलांना फिरावयास नेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य वरचेवर येते : ‘हात लावू नकोस.’ सार्वजनिक उद्यानात ते योग्यच होय. परंतु ज्या वयात मूल जगाला हातांनीच ओळखते, त्या वयात फूल ही केवळ दुरून पाहावयाची वस्तू ठरली, तर झाडाशी त्याचे नाते जुळावे कोठे?

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले, ते निव्वळ अलंकार म्हणून नव्हे. त्याच्या योजनेत प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा असे आणि सर्वांची मिळून सामाईक जागाही असे. नाव जगभर पसरले. वाफे मात्र बहुतेक ठिकाणी मागे राहिले. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनीही रोपांच्या जोपासनेस शिक्षणात स्थान दिले. वाट पाहण्याचा धीर मूल तेथेच शिकते, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. तेव्हा पैशाची सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

ग्वाल्हेरातील मराठी घरांपुढे खरी अडचण असते ती ऋतूची. उन्हाळ्याच्या सुटीत मूल मोकळे असते म्हणून मे महिन्यात बी पेरणे, म्हणजे ते लूच्या स्वाधीन करणे होय. पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की कोवळा अंकुर दुपारही पाहत नाही. पावसाळ्यात झेंडू, भेंडी, काकडी चांगली येतात. पण तणही तितक्याच जोमाने माजते आणि लहान हात थकतात. बालकांना अनुकूल असा काळ नवरात्रानंतरचा.

आणि पहिला धडा तर देवघरातच मांडलेला असतो. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत तरारून वर येते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरून हिरवळ उगवतात, तोही याच जातीचा आनंद. मात्र हे काम मोठ्यांनी उरकून मुलास फक्त नमस्कारापुरते बोलावू नये. धान्य त्याच्या मुठीतून पडावे. त्याच दिवशी थोडे धान्य अंगणातील मातीतही पेरावे. देवघरातील अंकुर पिवळसर आणि अंगणातील हिरवेगार का, हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील.

वाफा असा असावा की काठावर बसून मुलाचा हात मध्यापर्यंत पोचावा. अंगण नसेल तर तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा पुरे. खुरपे लहान, परंतु खरे असावे. खेळण्यातले खुरपे पहिल्याच ढेकळाशी वाकते आणि त्याबरोबर मुलाचा उत्साहही. प्रथम मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत डोके वर काढते. मुळाही फार वाट पाहावयास लावीत नाही. धणे रगडून त्यांच्या दोन फाकी करून पेरले, तरी ते आठवडा-दीड आठवडा दडून बसतात. चार वर्षांच्या जिवाला एवढा धीर प्रथमच मागू नये. ते पेरलेले बी उकरून पाहणारच. त्यास रागावण्याऐवजी काचेच्या पेल्यात ओल्या टिपकागदाला लावून दोन वाटाणे ठेवावेत. मूळ खाली आणि कोंब वर जाताना प्रत्यक्ष दिसला, म्हणजे जमिनीतले बी सुखाने राहते.

ओळ वाकडी आली तर येऊ द्यावी. मूठभर मेथी निघाली तरी तिची भाजी त्याच रात्री पानात वाढावी, मग ती वाट्याला चमचाभर का येईना.

जानेवारीत निराळाच प्रसंग येतो. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. येथील हिंदीत पाला म्हणजे पिके जाळणारे दहिवर. भाजीवाला ‘पाला पड़ गया’ म्हणतो, तेव्हा मराठी मूल बुचकळ्यात पडते. अशा रात्री रोपांवर गवत किंवा जुने धोतर पसरावे. तरीही एखादे टोमॅटोचे रोप सकाळी काळे पडलेले आढळते. येथे प्रेमळ आईबापांस मोह होतो की, मूल उठण्यापूर्वी रोपवाटिकेतून दुसरे आणून तेथे खोचावे. हा मोह आवरावा. ज्याने रोज पाणी घातले, तो आपल्या रोपाचे पान न् पान ओळखतो. आणि फसविले गेल्याचे त्यास कळले, तर रोपाबरोबर आणखीही काही जाते. रोप मेले, असे सरळ सांगावे. रडू आले तर रडू द्यावे. मग दोघांनी मिळून ते उपटावे, मुळे पाहावीत, कोठे काळे पडले, कोठे नाही, ते बघावे आणि माती भुसभुशीत करावी. मेथीचे बी डब्यात उरलेले असतेच, आणि फेब्रुवारीच्या आरंभी पेरलेली मेथी ऊन चढण्यापूर्वी हाती येते.