शब्दांचा खेळ आणि दुभाषी : इन्फोकॉमचा इतिहास



भाषेच्या अध्यापकाने संगणकीय खेळांच्या कंपनीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अमेरिकेतील इन्फोकॉमची कीर्ती ज्या खेळांवर उभी राहिली, त्यांत चित्रे नव्हती; होते ते केवळ शब्द.

एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेतील काही मंडळींनी १९७९ साली ही कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी, १९७७ पासून, मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन व ब्रूस डॅनियल्स यांनी तेथील मोठ्या संगणकावर 'झॉर्क' हा खेळ रचला होता. पडद्यावर स्थळाचे वर्णन येई आणि खेळणाऱ्याने इंग्रजीत आज्ञा लिहावयाची. 'तलवारीने राक्षसाला मार' अशा वाक्यातील क्रिया, कर्म आणि करण संगणक ओळखीत असे. आपला कारकविचारच जणू खेळाचा कणा झाला होता!

हा खेळ घरगुती संगणकात मावेना. शिवाय प्रत्येक संगणकाची घडण निराळी. तेव्हा ब्लँक आणि जोएल बेरेझ यांनी 'झेड-मशीन' नावाचे एक काल्पनिक यंत्र योजिले. कथा या यंत्रासाठी एकदाच रचावयाची. मग प्रत्येक संगणकाकरिता एक लहानसा दुभाषी तेवढा सिद्ध करावयाचा. या योजनेमुळे एकच खेळ अनेक संगणकांवर पोहोचला. १९८३ च्या 'प्लॅनेटफॉल'मधील फ्लॉइड या यंत्रमानवाच्या आत्मत्यागाने तर अनेकांचे डोळे पाणावले. ही केवळ शब्दांची किमया होय.

पुढे कंपनीने 'कॉर्नरस्टोन' या व्यापारी माहितीसंग्रहाच्या कार्यप्रणालीवर मोठा खर्च केला. तीही काल्पनिक यंत्रावरच चाले, म्हणून मंद होती. आणि तोवर कचेऱ्यांतून एकाच धाटणीचे संगणक रूढ झाल्याने दुभाष्याचे प्रयोजन तेथे उरले नव्हते. १९८५ साली आलेली ही कार्यप्रणाली अपयशी ठरली. १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने कंपनी विकत घेतली आणि १९८९ मध्ये तिचे केंब्रिज येथील कार्यालय बंद झाले.

खेळ मात्र बंद पडले नाहीत. हौशी अभ्यासकांनी झेड-मशीनची रचना उलगडली आणि नव्या संगणकांसाठी नवे दुभाषी लिहिले. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' निर्माण केले व त्याच यंत्रासाठी नव्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या.

व्यापारात जी योजना बाधली, तिनेच वाङ्मय तारले. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या या शाळेला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. शब्द टिकतात ते घराण्याच्या वैभवावर नव्हे. प्रत्येक पिढीत कुणीतरी दुभाषी होण्याचे श्रम घेतो, म्हणून. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी जन्मभर हेच श्रम घेतले. आता ते आपल्याकडे आले आहेत.