भंडारदऱ्याच्या काठी एक रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. या मंडळात मी आजवर पापड लाटले, भजनात टाळ धरला, हळदीकुंकवाला वाण वाटले. पण ध्वनिक्षेपकापुढे कधी उभी राहिले नाही. जूनमध्ये भंडारदऱ्याला मुक्कामाला गेलेल्या अकराजणींपैकी कोणीतरी बोलावे असे ठरले आणि बाकीच्या दहाजणींनी माझ्याकडे बोट दाखवले. म्हणून लिहून आणले आहे, ते वाचते.

ही सहल ठरली तेव्हा आपल्यात बरीच कुजबुज झाली, हे सर्वांना माहीत आहे. देवदर्शनाला जायचे तर जा, पण रानात जाऊन तंबूत झोपायचे हे काय खूळ, असे एकीने मला तोंडावर विचारले. वणीला जाते म्हटले की घरची माणसे पिशवी उचलून गाडीपर्यंत पोचवायला येतात. देवाचे नाव घेतले की बाईला सुटी लवकर मिळते. नुसते तळे आणि झाडे पाहायला जाते म्हटले, तर 'तिथे काय आहे?' हा प्रश्न. दुसरा प्रश्न बिबट्याचा. त्याला मी उत्तर दिले, की बिबट्या आता आपल्या उसातही असतो; त्याला भेटायला सव्वाशे किलोमीटर जायची गरज नाही. पैशाचे म्हणाल तर भिशीतून माणशी सोळाशे रुपये बाजूला काढले होते, त्यात जाणे-येणे, राहणे, जेवण सगळे भागले. कोणाच्या घरखर्चाला हात लागला नाही.

तिथे काय आहे, तेच आज सांगायचे आहे.

कोपरगावच्या बाईला पाणी म्हणजे काय हे शिकवायला नको. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, नळाला पाणी किती दिवसांनी येणार, यावर आपली धुणी, पाहुणे, सणवार ठरतात. शहराचे पाणी गोदावरीच्या कालव्याचे. ते नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून येते. पण तालुक्याच्या दक्षिणेकडची जी जिरायती गावे आहेत, जिथून आपल्यातल्या कितीतरीजणी सुना म्हणून आल्या, त्यांना आता प्रवरेचे पाणी मिळते आहे. निळवंड्याचा प्रकल्प १९७० साली मंजूर झाला आणि त्याच्या डाव्या कालव्यात पाणी सुटले २०२३ च्या मे महिन्यात. त्रेपन्न वर्षे! ज्या मुली मंजुरीच्या वर्षी लग्न होऊन आल्या, त्यांनी नातवंडांचा हात धरून ते पहिले पाणी पाहिले. तळेगाव दिघ्याच्या वाटेने संगमनेरकडे जाताना या कालव्याचे नाव निघाले, तेव्हा गाडीतल्या जवळक्याच्या एक माहेरवाशीण बाई एकदम गप्प झाल्या. त्यांच्या आईने सारा जन्म टँकरपुढे काढला होता.

निळवंड्यात येते ते पाणी वरच्या भंडारदऱ्याचे. संगमनेर, अकोले, राजूर करीत आम्ही दुपारी शेंडीला पोचलो. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दगड-चुन्याचे बांधकाम, उंची सुमारे २७० फूट. त्या वेळचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिलेले आहे. भिंतीवरून खाली पाहिले की डोळे फिरतात. ती घडीव चिऱ्यांची भिंत पाहताना मला मात्र ते चिरे वाहणारे हात आठवत राहिले. त्यांची नावे पाटीवर कोण लिहिणार! तळ्यात अकरा टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे मला माझ्या मुलाने समजावून सांगितले. वर्तमानपत्रात हा शब्द रोज वाचते, पण अर्थ कधी विचारला नव्हता.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ सालापासून तो राखीव आहे. एका अंगाला कळसूबाई, ५,४०० फूट, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या अंगाला रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. त्याच्या खांबांवरचे कोरीवकाम पाहावे आणि पुष्करणीच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावे. (म्हणजे देवदर्शनही झाले, हे घरी सांगायला उपयोगी पडले.) तिथून पुढे घाटघर. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे पडतो. आपल्याकडे चार-पाचशे पडला तर वर्ष बरे गेले म्हणायचे. एकाच जिल्ह्यात हा फरक!

आम्ही तळ्याकाठच्या एका वाडीत उतरलो. तंबू गावातल्याच एका कुटुंबाचे होते. बायकांनी मुक्कामाला जाताना तंबू कसा आहे ते नंतर विचारावे. आधी संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, आणि रात्री वाटेवर दिवा आहे का, हे विचारावे. आम्ही फोनवर हे तिन्ही प्रश्न विचारून मगच पैसे पाठवले. जेवणाचे डबे नेले नव्हते. त्या घरच्या बाईने नागलीची भाकरी, वालाची उसळ आणि इंद्रायणीचा भात केला. पैसे तिच्याच हातात दिले.

तिच्याबद्दल थोडे सांगते, कारण ही सहल माझ्या मनात राहिली ती तिच्यामुळे.

जून लागला होता, पाऊस आला नव्हता. तळे फार खाली गेले होते आणि काठाचा तांबडा गाळ उघडा पडला होता. सकाळी साडेपाचला मी तंबूबाहेर आले, तर ही बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती. मी म्हटले, "अगं, समोर एवढे तळे असताना कुठून आणलेस?" ती म्हणाली, "तळ्याचं पानी गढूळ, ताई. पियाचं पानी खालच्या झऱ्यावरून. वैशाखात त्यो बी वाटीवाटीनं भरावा लागतो." मग हंडे उतरवून हसत म्हणाली, "धरान आमच्या उशाशी हाये, पर त्याची झोप तुम्हालाच."

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आपण किती सहज वापरतो. ती म्हण जगणारी बाई माझ्यापुढे उभी होती. नंतर तिच्या मालकांनी कारण सांगितले. वाड्या उतारावर, तळ्याच्या पातळीच्या वर. पाऊस पडतो अतोनात, पण खाली सगळा कातळ. पाणी मुरायला जागा नाही, ते वाहून तळ्यात जाते. तळ्यातून वर चढवायचे तर पंप, नळ, विजेचे बिल. खाली मात्र ते आपसूक जाते, कालव्याने, आपल्याकडे.

भगिनींनो, २००५ च्या कायद्यानंतर जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली, की आपल्याकडची माणसे रस्त्यावर उतरतात. आपले पाणी नेले, असे आपण म्हणतो, आणि आपली अडचण खरीच आहे. पण 'आपले' पाणी म्हणताना त्या झऱ्यावरचे दोन हंडे माझ्या डोळ्यांसमोर येतात. यावर उपाय काय तो मोठी माणसे शोधोत. मला एवढे वाटले, की ज्या गावाच्या उशाचे पाणी आपल्याकडे येते, तिथे जाताना पाहुण्याच्या रीतीने जावे.

ती रीत तिथे कशी मोडली जाते, ते रात्री पाहिले. मे अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिथे काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी. एक झाड सगळेच्या सगळे उजळते आणि विझते, पुन्हा उजळते, जणू झाड श्वास घेते आहे. आमच्यातल्या सत्तरीच्या मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मावशी बोलल्या नाहीत असे मी प्रथमच पाहिले! तेवढ्यात वळणावरून चार-पाच मोटारी आल्या. दिवे झाडावर रोखलेले, आत गाणी लावलेली. पोरे खाली उतरली, गवतात शिरली, फांद्या हलवू लागली. पाहता पाहता ते झाड काळे पडले.

बरोबरच्या वाटाड्या मुलाने सांगितले ते ऐका. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. आपण दिवा लावला, की त्याची खूण तिला दिसत नाही. माद्या खाली गवतात, पाचोळ्यात असतात. अंडी ओल्या मातीत घालतात. अळी महिनोन् महिने मातीत राहून गोगलगायी खाते, आणि पंख फुटल्यावरचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे. म्हणजे एक पाय गवतात पडला, की पुढच्या सालचे काजवे चिरडले. वनखाते प्रवेशाचे पैसे घेते, रात्री ठराविक वेळेनंतर नाके बंद करते. पण गर्दीच्या रात्री मूठभर माणसे कोणाकोणाला आवरणार?

आम्ही विजेऱ्यांना तांबडा कागद बांधून उजेड पायापुरताच ठेवला, वाट सोडली नाही, आणि फोन पिशवीत घातले. काजव्यांचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. स्मरणिकेसाठी मागितले होते, ते देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंधा धबधब्याकडे गेलो, पण त्या दिवसांत तिथे नुसते खडकच होते. तो पावसाळ्यानंतर पाहावा. तळ्यात मात्र कोणत्याही दिवसांत उतरू नये. काठ सपाट दिसतो, पण गाळात पाय रुततो आणि पुढे एकदम खोल आहे. पोहता येणारेही अशा ठिकाणी बुडतात. निघताना आम्ही आपला कचरा गोणीत भरून परत कोपरगावला आणला. गाडीवाला कुरकुरला, पण चहा दिल्यावर तयार झाला.

जाता जाता आणखी एक. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या. शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांचे घर उभे केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वेळ नव्हता म्हणून आम्ही तिकडे वळलो नाही. पुढच्या खेपेला वाट वाकडी करून त्यांच्या गावी जावे, असे मला वाटते. परसात भाजी लावणाऱ्या आपल्यातल्या सगळ्यांना तिथे शिकण्यासारखे आहे.

ज्यांना रात्रभर घर सोडता येत नाही, त्यांनी थंडीत नांदूर मधमेश्वरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे. आपल्या नळाचे पाणी तिथूनच येते आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी त्याच पाण्यावर उतरतात. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून ती जाहीर झाली. दुर्बीण कोणाच्या घरी असेल तर मागून घ्यावी.

भंडारदऱ्याची पुढची सहल दसऱ्यानंतरच्या शनिवारी ठरते आहे. तेव्हा तळे भरलेले असेल आणि गर्दीही कमी असेल. गाडीत चौदा जागा आहेत, नऊ नावे आली आहेत, त्यांत त्या दिवशी मला तोंडावर विचारणाऱ्या बाईंचेही आहे. उतरायचे त्याच घरी. त्या बाईला मी फोन केला आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. ताट-वाटी आणि पेला ज्याचा त्याने आणावा, आणि थंडी बाधणारांनी कानटोपी विसरू नये.