मोजणीबाहेरची पायपीट



माणसे रोज कोठून कोठे जातात आणि कशाने जातात, हे जाणल्यावाचून शहराच्या वाहतुकीचे नियोजन होत नाही. मुंबई महानगर प्रदेशात २००५ ते २००८ या काळात झालेल्या वाहतूक अभ्यासासाठी गणकांनी घरोघर जाऊन ही माहिती विचारली. निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे त्यातून दिसून आले. तरीही पुढे प्रचंड पैसा खर्च झाला तो मोटारींच्या सागरी मार्गांवर. मोजूनही ज्यांची उपेक्षा झाली, ते मोजलेच गेले नाहीत तर त्यांची काय गत होईल, हा आजचा प्रश्न आहे.

कारण आता गणकाची जागा स्मार्टफोन घेऊ पाहत आहे. उपग्रहांच्या साहाय्याने तो माणसाचे स्थान टिपतो. वेग आणि हालचालीवरून तो चालत आहे की बसमध्ये आहे, हेही ताडता येते. माणूस ज्या लहान फेऱ्या सांगायला विसरतो, त्या यंत्र विसरत नाही. या साधनाला विरोध करण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. अशा वेळी फोनमधील स्वस्त माहितीचा मोह नियोजनकारांना होणे स्वाभाविक आहे.

पण ही माहिती कोणाची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये स्वतः वापरता येईल असा मोबाइल केवळ ५४ टक्के स्त्रियांकडे होता. ग्रामीण भागात तर ४७ टक्क्यांकडेच. आणि हा आकडा साध्या फोनसह आहे. पाणी, रेशन, मुलाची शाळा, चार घरची धुणीभांडी अशी जिची दिवसभर पायपीट चालते, तीच या मोजणीतून प्रथम गळते.

एप्रिल २०२० पासून गूगल कंपनीने फोनमधील स्थाननोंदींवरून देशोदेशींच्या हालचालींचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत दुकाने, किराणा व औषधे, उद्याने, स्थानके, कचेऱ्या आणि घरे असे सहा रकाने होते. त्याच दिवसांत महामार्गावरून मजूर गावाकडे चालत निघाले होते. त्यांच्यासाठी सातवा रकाना नव्हता. एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर घरी परतल्याचे सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. वाटेत किती दगावले, याची नोंद मात्र सरकारकडेही नव्हती. पुढे २०२२ मध्ये कंपनीने ते अहवाल बंद केले. लोकांच्या पावलांतून निर्माण झालेली माहिती द्यावी की न द्यावी, हे खाजगी मालकाच्या मर्जीवर राहिले.

जे मोजले जातात, त्यांचाही धोका वेगळा आहे. १५ लाख माणसांच्या मोबाइल नोंदींवरील एका अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, स्थळ व वेळ यांच्या केवळ चार नोंदी ९५ टक्के माणसांना गर्दीतून वेगळे ओळखण्यास पुरेशा असतात. नाव गाळले म्हणून माणूस लपत नाही. कोणता कामगार युनियनच्या कचेरीत गेला, कोण मोर्चाला आला, हेही त्याच नोंदी सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने सूट देण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे राखली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वाहतुकीचा कोणताही आराखडा समोर आला की तीन गोष्टींचा आग्रह धरावा. फोनवरची मोजणी घरोघरच्या पाहणीला पूरक असावी, पर्याय नव्हे. एकत्रित आकडे सार्वजनिक मालकीचे व सर्वांना खुले असावेत. व्यक्तीची नोंद तिच्या संमतीवाचून घेऊ नये आणि काम संपताच ती नष्ट करावी. बसचा मार्ग बंद करताना ‘आकडेवारीनुसार प्रवासी नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर त्या थांब्यावर सकाळी सहा वाजता उभे राहून माणसे मोजण्याचे काम पक्षाच्या शाखेलाही करता येईल. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.