बिलातली मधली ओळ

शुक्रवारी दुपारी हिंजवडीच्या फेज वनमधल्या कुठल्याही हॉटेलात डोकावा. आठ-दहा जणांची टीम जेवायला आलेली असते. बिल येतं, एक जण पैसे भरतो, बाकीचे मोबाइलवरून आपापला वाटा पाठवतात. बिल मात्र कोणीच वाचत नाही.

आपण वाचू या. आठ जणांचं जेवण 4,800 रुपयांचं. खाली ओळ आहे, सर्व्हिस चार्ज दहा टक्के, म्हणजे 480. बेरीज 5,280. त्यावर सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के, प्रत्येकी 132. एकूण 5,544. मधली ओळ नसती तर बिल 5,040 झालं असतं. म्हणजे 504 रुपये जास्त गेले, आणि त्यातले 24 तर सर्व्हिस चार्जवरच्या कराचे! माणशी भुर्दंड 63 रुपयांचा. एवढ्याशा रकमेसाठी चारचौघांत वाद कोण घालणार? हॉटेलवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं.

जीएसटी हा सरकारचा कर, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा मालकाने लावलेला आकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या आणि याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला. तेव्हा ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ असं गोंडस नाव दिसलं, तरी तो आकार ऐच्छिकच.

मग करायचं काय? कॅप्टनला शांतपणे सांगा, “सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.” “सर, सिस्टिममध्येच आहे,” असं उत्तर हमखास येतं. मॅनेजरला बोलवा, हा आकार सिस्टिममधून निघतो. वेटरने मनापासून वाढलं असेल तर टिप जरूर द्या, पण त्याच्या हातात.

दारूचं बिल असेल तर आणखी एक पाहा. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. दोन्ही एकाच बेरजेवर लावले असतील तर हिशेब चुकला. छोट्या हॉटेलांची गोष्ट वेगळी. ज्यांनी जीएसटीची कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. तसं बिलावर छापणंही त्यांना बंधनकारक आहे. बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने नाही. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे. मला तो पटत नाही, पण आहे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी बाटलीचा भाव मेनूकार्डवर बघा, नाहीतर सरळ साधं पाणी मागा.

हॉटेलवाला ऐकेचना, तर बिल भरा, पण यूपीआयने किंवा कार्डाने, आणि बिलाचा फोटो काढा. बिलाच्या कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. आणि जेवलात हिंजवडीत, पण राहता सोलापूरला, तर तक्रार सोलापूरच्या आयोगातही करता येते.