गोदामात पोती उचलणारी यंत्रे : कोणते घ्यावे, कोणते नको

आपल्या मलकापूर-कऱ्हाड भागात सोयाबीन, हळद, गूळ असा माल पुष्कळ, आणि पुणे-बंगळूर महामार्ग दाराशी. गावची सोसायटी किंवा शेतकरी कंपनी गोदाम बांधते, तेव्हा प्रश्न येतो : पोती उचलायला यंत्र कोणते घ्यावे? चुकीचे घेतले तर पैसा कोपऱ्यात गंजत पडतो.

आधी पॅलेट समजून घ्या. पॅलेट म्हणजे लाकडाची वा प्लॅस्टिकची बुटकी घडवंची. नेहमीचे माप १२०० बाय १००० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट बाय सव्वातीन फूट. खालच्या फटीत यंत्राचे दोन काटे शिरतात. माल जमिनीला टेकत नाही, म्हणून ओलही लागत नाही. एका पॅलेटवर ५० किलोची १५ पोती रचली तर साडेसात क्विंटल होतात. शंभर पोती सात फेऱ्यांत हलतात.

आता यंत्रे पाहू.

१) हात पॅलेट ट्रक : दांडा पंपासारखा मारला की पॅलेट जेमतेम चार-पाच इंच उचलते. साधारण दोन ते अडीच टन ओढते. इंधन लागत नाही. मात्र चाके लहान. मुरमाच्या जमिनीवर रुतते. गुळगुळीत काँक्रीट हवे.

२) स्टॅकर : माल उंच उचलून थप्पीवर ठेवतो. हाताचा असतो, बॅटरीचाही मिळतो.

३) फोर्कलिफ्ट : चालक बसून चालवतो. ट्रक भरायला उत्तम. बंद गोदामात डिझेलचा धूर घातक, तिथे बॅटरीचाच बरा.

फोर्कलिफ्टचा तोल बैलगाडीसारखाच असतो. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, पुढे आले की धुरजड. इथे ओझे काट्यांच्या टोकाकडे सरकले, तर यंत्र पुढे कलंडते. लहान यंत्रावर दोन टन लिहिलेले असले, तरी ते बहुधा ओझ्याचा मध्य काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर धरून. मध्य पुढे गेला, की ताकद घटली. म्हणून पॅलेट मुळाशी टेकवा. चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. चढावर किंवा उतारावर ओझे चढाच्या बाजूला राहू द्या. उतरायचे ते मागे मागे. काट्यांवर माणूस चढवू नका, उचललेल्या मालाखाली कोणी उभे राहू नका.

लहान गोदामाला आमचा सल्ला असा : आधी जमीन पक्की करा, मग पॅलेट आणि एक हात ट्रक घ्या. रोज ट्रक भरायचे काम असेल, तरच फोर्कलिफ्टचा विचार करा. हंगामापुरता भाड्याने मिळाला तर हिशेब करून बघा.

शेवटचे. हमालांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. आजवर आपला माल त्यांच्याच पाठीवरून गेला. यंत्र आणाल तेव्हा ते चालवायचे शिक्षण आधी त्यांनाच द्या. पाठ वाचेल, रोजगारही राहील.