पंधरा रुपयांची वीज



गेल्या पालकसभेत शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने विचारले, "बाई, सौरवीज आज इतकी स्वस्त आहे, मग गुजरात सरकारने आरंभी युनिटला पंधरा रुपये मोजले, ती उधळपट्टीच नव्हे का?" मी मराठी शिकवणारी, त्या क्षणी उत्तर सुचले नाही. प्रश्न मात्र मनात राहिला. आज त्याविषयीच बोलते.

आपल्या राज्याने २००९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सौर अभियानाच्याही आधी, सौरऊर्जा धोरण जाहीर केले. पहिल्या प्रकल्पांशी झालेल्या करारांत पहिली बारा वर्षे युनिटला १५ रुपये आणि पुढची तेरा वर्षे ५ रुपये असा दर ठरला. कोळशाची वीज कितीतरी स्वस्त मिळत असताना एवढा दर देणारा ग्राहक बाजारात कुठून सापडणार? आणि ग्राहक नाही म्हटल्यावर बँक कर्ज देत नाही. पंचवीस वर्षे वीज घेण्याची हमी सरकारने दिली, म्हणून पाटण जिल्ह्यातील चारणका येथे पडीक जमिनीवर सौर उद्यान उभे राहिले. एप्रिल २०१२ मध्ये त्याचे लोकार्पण झाले.

पुढे पॅनेलच्या किमती कोसळल्या. राज्याच्या वीजखरेदी कंपनीला तो दर जड वाटू लागला आणि तो कमी करण्याची मागणी तिने केली. राज्य विद्युत नियामक आयोगाने २०१३ मध्ये ती फेटाळली. माझ्या मते हा निर्णय त्या उद्यानाइतकाच मोलाचा होता. सरकारचा शब्द फिरत नाही अशी खात्री असेल, तरच पुढचा उद्योजक कमी नफ्यावर बोली लावतो. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात दर २.४४ रुपयांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच राज्यात १.९९ रुपयांवर. हे सारे श्रेय अर्थातच आपले नव्हे. जर्मनीने आपल्या आधी कित्येक वर्षे चढे दर दिले आणि चीनने प्रचंड कारखाने उभारले.

सरकारने केलेले सगळेच प्रयोग फळले, असेही नाही. आपण बडोदेकरांनी कालव्यावरची पॅनेल पाहिली आहेत. प्रथम मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासण येथे १ मेगावॅट, मग आपल्याकडे १० मेगावॅट. जमीन वाचते, पाण्याचे बाष्पीभवन घटते. परंतु सांगाड्याचा खर्च वाढतो. त्यामुळे जमिनीवरच्या उद्यानांइतका तो प्रकार पसरला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. करून पाहिल्याशिवाय हे कळले नसते, आणि खासगी कंपनीने तो खर्च कशाला सोसला असता?

माझी तक्रार वेगळी आहे. आपण वीज विकत घेण्यावर पैसा ओतला, सौरघट बनवण्याची विद्या मात्र मागे राहिली. ते बहुतांशी चीनमधूनच येत राहिले. देशांतर्गत उत्पादनाला प्रोत्साहन देणारी मोठी योजना आली २०२१ मध्ये, म्हणजे चारणका उभे राहिल्यावर नऊ वर्षांनी. हा विलंब महागात पडला, असे मी त्या माजी विद्यार्थ्याला सांगेन; पंधरा रुपयांचा दर नव्हे.

त्या पहिल्या प्रकल्पांची बारा वर्षे आता भरली आहेत. उरलेल्या तेरा वर्षांत त्यांची वीज आपल्याला पाच रुपयांनीच मिळायची आहे.