उपचाराचा गृहपाठ

(शाळेच्या हीरक महोत्सवात एका माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कार्यक्षेत्राविषयी बोलावे, अशी संयोजकांची सूचना आहे. माझे क्षेत्र भौतिकोपचाराचे, म्हणजे आपण सारे ज्याला फिजिओथेरपी म्हणतो त्याचे. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा आणि त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांमध्ये राहून काम शिकावयाचे, असा आमचा क्रम होता. त्या सहा महिन्यांतील बराचसा काळ मी इथेच, भिलाई-३ मधील एका बाह्यरुग्ण उपचार केंद्रात घालवला. आज मी त्या काळाविषयीच बोलणार आहे. कारण तिथे मला जे उमगले त्याचा धागा थेट या शाळेच्या वर्गांपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम या विद्येविषयी थोडेसे. आपल्या देशात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत, केईएम रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा फार मोठा होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने या शिक्षणासाठी साहाय्य दिले होते. भारतीय भौतिकोपचार तज्ज्ञांची संघटना १९५५ साली स्थापन झाली. आपल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी झालेला करारही १९५५ चाच, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई आणि ही विद्या, दोघी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. ज्या रोगासाठी ही विद्या इथे रुजली त्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. रोग गेला, विद्या मात्र राहिली. कारण तिची गरज असणारी माणसे बदलली, कमी झाली नाहीत.

ती माणसे कोण, हे भिलाई-३ मध्ये चांगले दिसते. भिलाई-३ आणि चरोदा ही मुख्यतः रेल्वेची वस्ती. हावडा-मुंबई मार्गावरील मोठे मार्शलिंग यार्ड इथे आहे. त्यावरून चरोद्याला लोक अजूनही ‘बीएमवाय’ म्हणतात. पलीकडे कारखान्याची वसाहत आणि अलीकडे धानाची खेडी. त्यामुळे केंद्राच्या बाकावर रुळांवर आयुष्य काढलेले निवृत्त कर्मचारी, कारखान्यातील कामगार, रोपणीला जाणाऱ्या शेतकरी स्त्रिया, दुचाकीवरून पडलेली महाविद्यालयीन मुले आणि मधुमेहामुळे खांदा आखडलेल्या गृहिणी एका रांगेत बसलेल्या असत. रुग्णालयात खाटेवर पडलेला रुग्ण आपल्या ताब्यात असतो. बाह्यरुग्ण केंद्रात तो अर्धा तास येतो आणि उरलेले साडेतेवीस तास आपल्या घरी, शेतात, कामावर असतो. पुस्तकात वाचलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा हा हिशेब मला अधिक शिकवून गेला.

येणाऱ्याची पहिली मागणी बहुधा एकच असे: ‘मशीन लगा दीजिए.’ शेक देणारे, करंट देणारे, ध्वनिलहरींचे अशी यंत्रे केंद्रात होती आणि त्यांचा उपयोगही होता. त्यांनी काही काळ वेदना कमी होते. परंतु दुबळा झालेला स्नायू यंत्राच्या शेकाने बळकट होत नाही. त्यासाठी त्या माणसाला स्वतःच हालचाल करावी लागते, रोज आणि कित्येक आठवडे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मेंदू आणि मज्जातंतू स्नायूला अधिक चांगले वापरू लागल्यामुळे. स्नायू प्रत्यक्ष भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे जो रुग्ण चार दिवसांत दुखणे कमी झाले म्हणून येणे थांबवतो, तो बरा होण्याच्या आधीच निघून गेलेला असतो. आणि बहुतेक जण असेच जातात, कारण आला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासात जे शिकवले ते साडेतेवीस तासांत पोहोचवायचे कसे, हाच खरा प्रश्न. शाळेच्या भाषेत सांगायचे तर आमच्या सगळ्या उपचाराचे यश गृहपाठावर अवलंबून आहे.

आमचे वरिष्ठ या बाबतीत फार काटेकोर होते. ‘कुठे दुखते?’ हा त्यांचा पहिला प्रश्न नसे. ‘दुखण्यामुळे काय करता येत नाही?’ असे ते आधी विचारीत. या एका प्रश्नाने उपचाराचे उद्दिष्टच बदलते. आमच्याजवळ सांध्याचा कोन मोजण्याचे साधन असते. कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच तो मोठा भाऊ. खुर्चीतून उठायला आणि जिना चढायला गुडघा सुमारे ९० ते १०० अंश वाकला तरी निभावते. पण उकिडवे बसायचे तर तो १३० अंशांच्या पुढे जावा लागतो. खुर्चीवर जगणाऱ्या समाजासाठी लिहिलेल्या पुस्तकात जो रुग्ण बरा झाला असे मानले जाईल, तोच आपल्याकडे चुलीपुढे बसू शकत नाही आणि बांधावर टेकू शकत नाही.

आता भाषेकडे येते. एक वृद्ध शेतकरी बाई आली आणि म्हणाली, ‘माड़ी पिरावत हे, नोनी.’ मराठी कानाला यात ‘मांडी’ ऐकू येते; परंतु छत्तीसगढीत ‘माड़ी’ म्हणजे गुडघा. कंबरेला ‘कनिहा’ आणि पायाला ‘गोड़’. शरीरशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथात यांपैकी एकही शब्द नाही, पण रुग्णाचे शरीर याच शब्दांत बोलते. आपल्या मराठीचेच पाहा. ठणका, कळ, चमक, उसण, रग, मुंग्या, बधिरपणा हे सारे ‘दुखणे’च, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेने नेतो. ठणका म्हटले की सूज वा दाह आहे का ते पाहावे. कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरते आणि पाऊल मुंग्यांनी भरते असे कोणी म्हटले, की दबलेल्या मज्जातंतूचा विचार करावा. दिवसभराच्या कामाने आलेली रग विश्रांतीने जाते. या शब्दांमुळे निदान होत नाही, तपासणी करावीच लागते. पण तपासणी कुठून सुरू करायची हे पुष्कळदा त्या शब्दांतूनच कळते.

त्या बाईंना पावसाळ्याआधी बरे व्हायचे होते, कारण रोपणी कोणासाठी थांबत नाही. रोज येणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची आणि पाच अंक मोजेपर्यंत धरून ठेवायची, एवढा एकच व्यायाम त्यांना आधी दिला. टॉवेलऐवजी गमछा चालेल असे सांगितले, आणि अंक त्यांच्याच बोलीत मोजून घेतले. पुढच्या खेपेस त्यांनी तो व्यायाम मला न विचारता करून दाखवला आणि शेजारच्या बाकावरच्या बाईंनाही शिकवला. त्यांचा गुडघा नव्यासारखा झाला नाही. झिजलेला सांधा व्यायामाने नवा होत नाही. पण मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार सुसह्य होतो, तेवढे नक्की झाले.

उलटही घडते. कोपराचे हाड मोडून प्लास्टर काढलेला एक मुलगा आला होता. मधल्या काळात घरच्यांनी मायेपोटी जोरजोराने तेलमालिश करवून हात ताणून घेतला होता, आणि कोपर होता त्याहून अधिक आखडला होता. कोपराच्या दुखापतीनंतर असे जबरदस्तीचे मालिश केल्यास सांध्याभोवतीच्या स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होण्याचा धोका असतो. पालकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे: मोडलेल्या कोपराला चोळू नये, खेचू नये, हालचाल त्या मुलानेच, हळूहळू, आपल्या बळावर करावी. ही गोष्ट प्लास्टर निघाले त्याच दिवशी त्या घराच्या भाषेत कोणी समजावली असती, तर त्या मुलाचे काही महिने वाचले असते.

तिसरा अनुभव मात्र मी या सभागृहाबाहेर सहसा सांगत नाही. विदर्भातून तरुणपणी इथे नोकरीला आलेले एक मराठी गृहस्थ पक्षाघातानंतर आमच्याकडे येऊ लागले. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. समोरच्याचे त्यांना बरेचसे समजे, पण पत्नीचे नावसुद्धा ओठांवर येत नसे. त्या घालमेलीने ते रडकुंडीला येत. दोन समांतर दांड्यांच्या मधून त्यांना चालवताना मी पावलांसाठी ‘एक, दोन’ मोजत असे. एकदा सहज म्हणून मोजण्याऐवजी बेचा पाढा सुरू केला. ‘बे एके बे, बे दुणे...’ आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा पुढचा ‘चार’ त्यांनी म्हटला. स्पष्ट, खणखणीत. बे दाहे वीसपर्यंत ते गेले. त्यांच्या पत्नी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

यात चमत्कार काही नाही. पाठ केलेले अंक, पाढे, प्रार्थना हे स्वयंस्फूर्त बोलण्याहून वेगळ्या वाटेने मेंदूत साठलेले असतात आणि पक्षाघातात वाचा गेली तरी ते पुष्कळदा शाबूत राहतात. ठराविक लयीवर पाऊल टाकल्यास चालही सुधारते, हेही शास्त्राला ठाऊक आहे. वाचेवर उपचार करणे हे वाचोपचार तज्ज्ञांचे काम, आणि त्यांच्याकडे त्यांना पाठवले गेलेच. पाढ्यांनी त्यांची वाणी परत आली असे मी म्हणणार नाही; ती अर्धीमुर्धीच आली. पण त्या दिवसापासून ते पाढ्यांवर चालले, आणि काही आठवड्यांनी काठी घेऊन फाटकापर्यंत एकटे गेले. कधीकाळी, कुठल्याशा मराठी शाळेत, एका गुरुजींनी जे घोकून घेतले होते, ते साऱ्या शब्दांनी साथ सोडल्यावरही त्यांच्यापाशी उरले होते.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. मराठी माध्यमात शिकलेले मूल पुढे इंग्रजीतल्या व्यावसायिक शिक्षणात मागे पडत नाही का? खरे सांगायचे तर पहिले वर्ष जड जाते. शरीररचनेचे शब्द अंगावर येतात आणि शब्दकोश उशाशी ठेवून झोपावे लागते. इंग्रजी चांगले शिकायलाच हवे, त्याला पर्याय नाही. पण ती अडचण वर्षाची आहे. उपचार केंद्राच्या दारात उभे राहिल्यावर परीक्षा उलट होते. तिथे इंग्रजीत जे समजले ते हिंदीत, छत्तीसगढीत, मराठीत सांगता आले नाही तर ते समजून काही उपयोग होत नाही. ज्याचा पाया एका भाषेत पक्का आहे, त्याला दुसऱ्या भाषेत अर्थ नेणे सोपे जाते. या प्रदेशातील मराठी माणसाला हे काम नवे नाही. मराठी घरातले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ व समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला. त्यांनी आपली भाषा सोडली नाही आणि शेजाऱ्याची परकी मानली नाही.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक साधी सूचना ठेवते. आपल्यापैकी कित्येक जण वैद्यकीय, औषधनिर्माण, परिचर्या अशा क्षेत्रांत आहेत. आपण मिळून रुग्णांसाठी सूचनापत्रके तयार करावीत: गुडघेदुखी, कंबरदुखी, आखडलेला खांदा, प्लास्टर निघाल्यानंतरची काळजी, पक्षाघातानंतरचे घरचे व्यायाम. प्रत्येक विषयाला एकच पान, सोबत चित्र, आणि मजकूर मराठी, हिंदी व छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांत. मजकूर तज्ज्ञांनी तपासावा, चित्रे शाळेतील मुलांनी काढावीत. पहिल्या पानाचा, गुडघ्याच्या व्यायामाचा मजकूर मी लिहून आणला आहे आणि तो आज मुख्याध्यापकांकडे देत आहे. उरलेली पाने आपण वाटून घेऊ.